कोळंब्यांची बाग आणि जरीचा दोरा

"कोळंबी?" धाकटीने डोळे मोठे केले. "अक्का, कोळंबी खायची असते. पाळायची नसते."

"तू खा. मी पाळते," अक्का म्हणाली आणि डाव्या हातातल्या फडक्याने काचेच्या पेटीचा कोपरा पुसत राहिली.

नाटक कंपनीत तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर अंगाने ती तशीच होती, आणि दुसरं म्हणजे बोलली की टोचायची. राजे, राण्या, शिपाई, भुतं, सगळ्यांची मापं तिच्या हातून गेलेली. तोंडात टाचण्या धरून ती अख्ख्या शिवणखोलीला कामाला लावायची, आणि गंमत अशी की ओठ न हलवता काढलेला तो हुंकार ज्याला त्याला बरोबर कळायचा. घरी मात्र तिला हक्काने हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं. ही धाकटी बहीण. तिच्यासाठी ती अक्का.

गेल्या हिवाळ्यात अक्काच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय परत आला, जरासा फरफटत का होईना. जीभ आधीपेक्षा धारदार होऊन परत आली. उजवा हात तेवढा वाटेत कुठेतरी रेंगाळला. बोटं मुठीत मिटलेली, सुई धरायची म्हटलं तर सुई खाली आणि डोळ्यांत पाणी. पण अक्का रडत बसणाऱ्यातली नव्हती. देवाशी ती रोज बोलायची, आणि बोलायची ती माप द्यायला उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी. "हात घेतलास, बरं. डावा ठेवलास ना? मग त्याच्याकडून मी काय करून घेते ते आता तू बघत बस." आणि देव, कुणास ठाऊक, बघत असावाही. इतक्या प्रेमाने भांडणारं माणूस त्याला तरी रोज कुठे भेटतं?

धाकटीने आपल्या घरी खोली तयार ठेवली होती. उजेडाची, न्हाणीघराला लागून, पडदे नवे. अक्काचं सामान भरायला खोकेही आणून इथे तिच्या दारामागे उभे केले होते.

"मी काही वाईट करतेय का?" धाकटी म्हणाली. "इथे एकटी काय करणार तू?"

"जे इतकी वर्षं करतेय तेच. राहणार."

"कुणाच्या जिवावर? तुझ्या हाताखाली आजवर काय जगलंय सांग. मनीप्लँट वाळवून दाखवलास तू! लोक तो बाटलीत खोचतात आणि विसरून जातात, तरी तो छतापर्यंत जातो."

हे खरं होतं, म्हणूनच लागलं. "मग एक जीव सांभाळून दाखवते," अक्का उसळली. "ह्याच पेटीत."

"दाखव. पावसाळ्याआधी मी गाडी घेऊन येईन. पेटीत जीव दिसला तर खोके परत नेते. नाही दिसला तर मुकाट्याने माझ्यासोबत यायचं."

"ठरलं."

रागाच्या भरात माणूस काय काय पणाला लावतो बघा. दागिना लावला असता तर परवडलं असतं. अक्काने राहतं घर लावलं.

पेटीची कथा अशी. मुळात ती मासे ठेवायचीच, पण कंपनीत आल्यापासून तिने पाणी पाहिलं नव्हतं. एका नाटकात राजाचा मुकुट तिच्यात ठेवायचे. कंपनीने सामान काढलं तेव्हा अक्काने ती उचलून आणली आणि तिच्यात बटणं भरली. कोळंब्यांचं वेड मात्र नवं होतं. हाताचे व्यायाम करून घ्यायला ती जिथे जायची, तिथे बाहेर बसायच्या जागी एक छोटी टाकी होती. तिच्यात नखाएवढ्या लाल कोळंब्या. पानावरून, दगडावरून, काचेवरून सारख्या बारीक बारीक हातांनी काहीतरी टिपायच्या आणि तोंडाशी न्यायच्या. थांबणं नाही, थकणं नाही. शिवणखोलीत मुली कापडावरचे धागे निवडत बसायच्या, अगदी तशा. आत आपला हात हलवायचा कंटाळा करणारी अक्का बाहेर त्यांचे हात बघत बसायची. तिथली बाई हाक मारून दमायची.

मासे विकणाऱ्या दुकानात सगळीकडे काचच काच, म्हणून दुकानदाराला तिने काचवाला करून टाकलं. काचवाल्याने पेटी पाण्याने भरून बघितली. गळत नव्हती.

"झाडं प्लास्टिकची घ्या," तो म्हणाला. "धुतली की झालं. तुमच्या हाताला तेच सोपं."

"आयुष्यभर खोटी फुलं शिवली मी. आता एक पान खोटं नको."

काचवाला हसला, आणि मग मनापासून सांगायला लागला. कोळंब्या पानांवरचा बारीक थर खरवडून खातात, पिल्लं शेवाळात लपून वाढतात. तेव्हा आधी झाडं लावायची, ती रुजू द्यायची, पाणी मुरू द्यायचं, आणि कोळंब्या सगळ्यात शेवटी. मागे लावायला त्याने लांब पानांचं गवत दिलं. लाकडाचा एक वाकडा तुकडा दिला आणि त्याच्यावर बसवायला दोन गोष्टी: मॉस, म्हणजे पाण्यातलं शेवाळ, आणि जाड गडद पानांचं अनुबियास. "ह्याचं हे आडवं खोड खडीत पुरायचं नाही हं, कुजतं. लाकडाला बांधायचं." पुढे लावायला एक तपकिरी पानांचं रोप दिलं. त्याचं नाव इतकं लांब होतं की अक्काने ते दुकानातच सोडून दिलं. "ह्याची एक खोड आहे," काचवाला म्हणाला. "जागा बदलली की सगळी पानं गाळून बसतं. मेलं असं वाटतं. उपटायचं नाही, हलवायचं नाही."

"म्हणजे रुसूबाई," अक्का म्हणाली. त्याचं नाव रुसूबाई पडलं.

"आणि मॉस कशाने बांधू?"

"दोऱ्याने बांधा."

एवढंच तो बोलला, आणि अक्कानेही पुढे विचारलं नाही. बाकी सगळं तिने कान देऊन ऐकलं होतं. पण दोरा? दोऱ्याबद्दल तिला कोण शिकवणार?

कापणीच्या टेबलावर, खिडकीपासून जरा आत, पेटी बसली. ऊन थेट पडलं तर काच हिरवी होते म्हणून आत. अक्काने खडी धुतली, पसरली, मागे उंच आणि पुढे उतरती केली, रंगमंच प्रेक्षकांकडे उतरता असतो तशी. लाकूड आधी मधोमध ठेवलं, मागे सरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. मधोमध उभा राहणारा नट तिला कधीच आवडला नव्हता. लाकूड डावीकडे सरकलं. उजवीकडे मोकळी जागा राहिली, कुणीतरी आत येण्यासाठी ठेवावी तशी.

मग खरी लढाई. लांब चिमट्यात गवताचं मूळ धरायचं, खडीत खुपसायचं, चिमटा सोडायचा. चिमटा सोडला की रोप सुळकन वर! पुन्हा खुपसलं, पुन्हा वर. डावा हात कोपरापर्यंत ओला, आणि पाण्यावर रोपं आडवी तरंगताहेत, तिच्याकडे बघून हसल्यासारखी.

"हसा," अक्का त्यांना म्हणाली. "मीही बघते."

ती खुर्चीत बसली, देवाचं एक गाणं गुणगुणली, आणि गुणगुणता गुणगुणता थबकली. टाचणी कापडात सरळ खुपसली तर निसटते. तिरकी लावली तर कापड फाटेल पण टाचणी हलणार नाही. हे ती शिवणखोलीतल्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवायची. तिने रोप चिमट्यात धरलं आणि खडीत तिरकं सरकवलं. राहिलं! दुसरं राहिलं. संध्याकाळपर्यंत मागची सगळी ओळ उभी होती, आणि अक्काने छताकडे बघून विचारलं, "बघतोयस ना?"

बांधणं मात्र तिरक्याने होण्यासारखं नव्हतं. लाकूड गुडघ्यांत धरलं, दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं डाव्या हातात. सुती दोरा फिरवता येत होता, पण गाठ मारायची वेळ आली की पहिला वेढा सैल पडायचा आणि शेवाळाचा पुंजका मांडीवर घसरायचा. गाठ मारताना वेढ्यावर एक बोट लागतं, आणि ते बोट मुठीत मिटून बसलेलं. कितीदा झालं असं. शेवटी तिने खण ओढला. खणाच्या तळाशी जरीचं रीळ होतं, राणीच्या शालूचं काम करून उरलेलं. जाड जर, तारेसारखी ताठ. एकदा पीळ दिला की तिथेच राहायची. गाठ नको, बोट नको, कुणी नको.

अक्काने शेवाळ जरीने बांधलं, अनुबियास जरीने बांधलं. दिवा लावला. काळपट हिरव्यातून सोन्याची रेघ अशी चमकली की तिचा जीव सुपाएवढा झाला.

मध्ये एकदा धाकटी डोकावून गेली. रुसूबाईने तोवर पानं गाळली होती. खडीवर तपकिरी लगदा.

"हे मेलंय, अक्का. उपटून टाक, बाकीचं नासेल."

"हात लावू नकोस तिला. रुसलीय."

"झाडं रुसतात होय!"

"तू रुसायचीस तेव्हा आम्ही तुला उपटलं का?"

धाकटीने पदराआड हसू लपवलं, पण जाताना दारामागचे खोके नीट भिंतीला लावून गेली.

पाणी मुरलं, गवताला नवी पाती आली, तेव्हा काचवाल्याने कोळंब्या दिल्या. अक्काने पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी आत घेत त्यांना हळूहळू सोडलं. लाल ठिपके सगळीकडे पांगले. एक थेट सोनेरी रेघेवर जाऊन बसली आणि हात चालवायला लागली. अक्का तिच्यासमोर बसून राहिली. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांचे हात मंदावले. कुणी कोपऱ्यात गप्प, कुणी काचेवर धडपडत वर चढायचा प्रयत्न करी आणि खाली येई. मग एक आडवी पडली. मग दुसरी. तिसऱ्या दिवशी पेटीत झाडं होती आणि हलणारं काहीच नव्हतं.

अक्का पाण्याची बाटली घेऊन काचवाल्याकडे गेली. त्याने एकेक विचारलं. साबण लागला? नाही. घरात डासांचं औषध मारलं? नाही. पाणी न मुरवता घातलं? नाही.

"मॉस कशाने बांधलं?"

"दोऱ्याने. तुम्हीच म्हणालात."

"कसला दोरा?"

अक्काने पिशवीतून रीळ काढून टेबलावर ठेवलं. काचवाल्याने तारेवर नखाने जोर देऊन खरवडलं. सोन्याखालून लालसर रंग निघाला.

"तांबं आहे," तो हळू म्हणाला. "माणसाला काही होत नाही. कोळंबीला विष आहे, बाई."

अक्काने रीळ उलटंसुलटं करून ती लालसर खूण बघितली. आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला, त्यानेच घात केला होता. तिने काचवाल्याला पैजेचं सांगून टाकलं, सगळंच.

काचवाला विरघळला. "असं करा. पाणी बदला, सगळं धुवा, लाकूड नवं घ्या. बहीण येईल त्या दिवशी माझ्याकडच्या थोड्या घेऊन जा, पेटीत सोडा. ती गेली की परत आणून द्या. तिला काय कळतंय!"

"नाटकं पुष्कळ केली मी," अक्का म्हणाली. "घरात नको. आणि पाणी चांगलं झालं का नाही हे बघायला आणखी चार जीव टाकू? इतकी वाईट नाही मी." मग रीळ उचलून, "बांधायला काय सांगता? आता विचारते बघा."

"साधा सुती दोरा. काही दिवसांत कुजून गळून जाईल, पण तोवर मुळं लाकडाला धरतात."

"कच्चा टाका," अक्का म्हणाली. काचवाल्याला कळलं नाही. "पक्की शिवण होईपर्यंत कापड धरून ठेवतो तो. काम झालं की उसवून टाकायचा. त्याचं कुणी कौतुक करत नाही." रीळ तिने त्याच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. राणीचा शालू गेला तर गेला.

घरी येऊन तिने सगळं उलटं केलं. जर कापली, झाडं धुतली, खडी धुतली, लोट्या-लोट्याने पेटी उपसली आणि पुन्हा भरली. डावा खांदा असा भरून आला की केस विंचरता येईनात. गवत पुन्हा लावलं, तिरकं. रुसूबाई मात्र पुन्हा जागची हलली होती, तेव्हा तिच्याकडून काही आशाच नव्हती. नव्या लाकडावर शेवाळाचा पुंजका तिने तसाच सुती दोऱ्यात गुंडाळला, वेढ्यावर वेढे घालून. अनुबियास काही केल्या बसेना. गाठ आवळायला जावं आणि रोप पाण्यात.

गाडी आली ती अशाच एका सकाळी. धाकटी आत आली, मागून गाडीवाला. त्याला तिने दारातच थांबवलं आणि पेटीपाशी वाकली. ह्या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं.

"कोळंब्या कुठेत?"

"मेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. जरीच्या दोऱ्याने बांधलं होतं, त्यात तांबं होतं. दोरा मी निवडला. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता."

धाकटी खुर्चीत टेकली. ती भांडायच्या तयारीने आली होती. "मग... ठरल्याप्रमाणे..."

"ठरल्याप्रमाणे मी हरले," अक्का म्हणाली. "आणि मी येत नाही."

"हे काय बोलणं झालं, अक्का! शब्द दिला होतास."

"दिला होता. रागात दिला, चुकलं माझं. शब्द मोडणारी म्हण, हवं तर सगळ्यांना सांग. पण मला एक सांग, त्या जगल्या असत्या तर तू खोके जाळून टाकणार होतीस? पुढच्या खेपेला दुसरं काहीतरी जगवून दाखव म्हणाली असतीस. आणि मी स्वतःच्या घरात राहायला जन्मभर परीक्षा द्यायची? चुकलं तर माणूस दुरुस्त करतं. घर सोडत नाही. तू भाजी करपवलीस तेव्हा तुला कुणी सासर सोडायला सांगितलं?"

"भाजीचं कशाला काढतेस!" धाकटी म्हणाली. मग तिची नजर पेटीत खिळली. खडीतून, रुसूबाईच्या उघड्या बुडख्यातून, एक सुरळी वर आली होती. बोटाच्या पेराएवढी, तपकिरी, ताजी. धाकटीने काचेवर बोट ठेवलं. "हे बघ. फुटलंय की. म्हणजे जागा बदलली तरी पुन्हा फुटतंच, अक्का."

अक्काने वाकून बघितलं. तिलाही ते आत्ताच दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की धाकटीला वाटलं, आता ही नमणार.

"फुटतं," अक्का म्हणाली. "फुटतं ना. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, कारण तिला तोंड नाही. मला आहे."

"ते तर रस्त्यापलीकडच्यांनाही माहीत आहे," धाकटी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज फुटला. "तू जमिनीवर पडली होतीस. तू नाही बघितलंस, मी बघितलंय. दार उघडलं तर तू तिथे, त्या टेबलाच्या पायाशी, डोळे उघडे, आणि मी हाका मारतेय आणि तू..." तिने पदर तोंडाशी नेला. "परत तसं झालं तर?"

एवढ्या महिन्यांत हे तिने पहिल्यांदा तोंडातून काढलं होतं. नव्या पडद्यांमागे, खोक्यांमागे, पैजेमागे हेच उभं होतं. अक्का तिच्याजवळ गेली आणि डावा ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"झालं तर होईल, वेडे. देवाने यायचं ठरवलं तर तो तुझ्या घरचा पत्ताही शोधून काढील. किल्ली तुझ्याकडे ठेव. रोज सकाळी फोन करीन, तू कंटाळशील इतका. नाही आला तर धावत ये. पण खोके नकोत. ते दारामागे उभे असले की मला वाटतं मी आधीच गेले."

धाकटीने दारामागच्या खोक्यांकडे बघितलं.

"आता नाक पूस आणि इकडे ये. मघापासून हे रोप माझा जीव खातंय."

लाकूड अक्काने गुडघ्यांत धरलं. अनुबियास त्याच्यावर ठेवलं, आडवं खोड उघडं राहील असं, आणि दोऱ्याचा वेढा घातला. "इथे बोट ठेव. जोरात नको, नुसतं ठेव."

धाकटीने बोट ठेवलं. शाळेत जाताना रिबिनी बांधायला अक्का अशीच बोट ठेवून घ्यायची तिचं, आणि काढायला उशीर केला की चिमटा काढायची.

गाडीवाला दारातून आत डोकावला. "ताई, खोके कुठे न्यायचेत? गाडी रस्त्यात उभी आहे."

अक्काच्या दातांत दोरा होता. तिने ओठ न हलवता एक हुंकार काढला, लांब आणि कडक. गाडीवाल्याला त्यातलं अक्षर कळलं नाही. धाकटीला सगळं कळलं.

"रिकामेच परत ने," ती गाडीवाल्याला म्हणाली, आणि गाठ बसेपर्यंत तिने बोट हलवलं नाही.